साईडपट्टीपासून चार फूट

रस्त्यावर उसाचा चोथा पडलाय. टायरखाली दबून त्याचा पिवळट लगदा झालाय, त्यावर माश्या बसल्यात. मार्चचं ऊन अकरालाच चटके देतंय. कारखान्यांचा हंगाम आवरत आला, तरी साताऱ्याकडून कराडकडं जाणाऱ्या या महामार्गावर ट्रॅक्टरांची रीघ आहेच. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. दोन्ही अंगांनी ऊस हात-हातभर बाहेर. मागची ट्रॉली डोलत येते. टेप इतक्या मोठ्यानं लावलेला, की मागच्यानं कितीही हॉर्न दिला तरी चालकाच्या कानापर्यंत पोचत नाही.

तात्या रस्त्याच्या कडेला उकिडवे बसतात. सांगलीतल्या एका वकिलाचे ते कारकून. पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं, हातात मोजपट्टी. बोटांनी माती चाळतात. काचेचा चुरा लागतो. त्यात नारिंगी प्लास्टिकचा एक तुकडा, इंडिकेटरचा.

"हे ठेवू का?" भाचा विचारतो.

"ठेव. कोर्टात उपयोग न्हाई. पण जागा हीच, हे तुला-मला तरी कळलं."

तीन आठवड्यांमागं रात्री साडेनऊच्या सुमाराला इथं एक मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. चालवणारा वाळवा तालुक्यातला, सेंटरिंगचं काम करणारा, साताऱ्यातल्या साईटवरून घरी निघालेला. ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. दिवा नाही, मागं दगड नाहीत, झाडाची फांदीसुद्धा नाही. या पट्ट्यात दर हंगामात असे अपघात होतात. तो आता मिरजेत दवाखान्यात आहे, मांडीत रॉड. त्याची आई, आक्का, समोरच्या हॉटेलच्या बाकावर पदर डोक्यावर घेऊन बसली आहे. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत फाईल.

आक्काचा भाचा मोबाईल काढून रस्त्याचे फोटो घेऊ लागतो. तात्या त्याचा हात धरतात.

"दिवसाचा फोटो काय करायचा? ह्यात तर दोन मैलांवरचं दिसतंय. साडेनवाला परत ये. खांबावरचा दिवा लागतो का बघ, आन् तवा काढ."

वर खांब आहे. त्यावर दिवाही आहे. तो लागतो की नाही, हे हॉटेलवाल्यालाही नीट सांगता येत नाही. लागायचा पूर्वी, म्हणतो.

हॉटेलच्या छपराखाली कॅमेरा आहे. तात्यांची नजर आल्याआल्या तिथंच गेली होती. हॉटेलवाला चहा गाळतागाळता मान हलवतो. "आमच्यात पंधरा दिवसांचंच राहतंय वो. पुढचं आलं की मागचं पुसतंय." अलीकडच्या पेट्रोलपंपावर मात्र महिन्याचं राहतं. आम्ही उन्हातून तिकडं चालत जातो.

पंपाच्या केबिनमध्ये पंखा आहे, तेवढंच सुख. मॅनेजर पोरगा भला आहे. तारीख सांगितल्यावर माऊस फिरवत बसतो. पडद्यावर काळं-करडं चित्र येतं. पंपाची जागा उजेडात, आणि वरच्या कोपऱ्यात, चित्राच्या अगदी कडेला, रस्त्याचा एक तुकडा. सात वाजून काही मिनिटांनी तिथं एक काळा ढिगारा येऊन थांबतो. आठ वाजता तो तिथंच आहे. नऊलाही तिथंच. शेजारून गाड्यांचे उजेड सरकतात आणि प्रत्येक उजेडात तो ढिगारा क्षणभर ट्रॉली होतो, पुन्हा ढिगारा. साडेनऊला एक बारीक दिवा येतो आणि ढिगाऱ्यापाशी विझतो. पोरगा चित्र थांबवतो. आक्का आत आलेली नाही, ते बरं.

"पेनड्राईव्हवर देतो की," तो म्हणतो.

पेनड्राईव्हवर भागत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं 63 वं कलम आहे, पूर्वीचं 65-ब. यंत्रातून काढलेल्या पुराव्यासोबत दाखला लागतो. कुठल्या यंत्रातून काढलं, ते यंत्र नीट चालत होतं का, फाईलची हॅश किती. दाखल्याचे दोन भाग, एक यंत्र ताब्यात असणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. तात्या हे सगळं पोराला सावकाश सांगतात. पोराचा चेहरा उतरत जातो.

"सही केली म्हंजे कोर्टात यायला लागंल का?"

"बोलावलं तर यायचं. एकदाच."

"मालकांना इचारतो."

मालक कोल्हापूरला गेलेत. तात्या आग्रह धरत नाहीत. कोरा कागद काढून तिथल्या तिथं अर्ज लिहितात, पोलीस ठाण्याच्या नावानं: अमुक तारखेचं अमुक वेळेचं चित्रीकरण जतन करावं व तपासकामी ताब्यात घ्यावं. अक्षर मोत्यासारखं. "ह्याची पोच घ्यायची," म्हणतात. "पोच मिळाली की पुसलं गेलं तरी प्रश्न त्यांना, आपल्याला न्हाई."

पोलीस ठाण्याच्या आवारात कडुलिंब आहे आणि त्याच्या खाली जप्त गाड्यांचा उकिरडा. एमएच 11, एमएच 50, एमएच 10. साताऱ्याच्या, कराडच्या, सांगलीच्या. चक्काचूर झालेली एक मोटार, तिच्या बॉनेटमधून उगवलेला एरंड. दुचाकींवर खडूनं गुन्ह्याचे नंबर टाकलेत. पावसाळ्यात खडू जातो, मग तेलाच्या रंगानं लिहितात. आक्का गाड्यांमधून हळूहळू चालते. एका टाकीपाशी थांबते. टाकीवर बैलाचं स्टिकर. पुढचं चाक इंजिनात घुसलंय. ती सीटवरची धूळ पदरानं पुसते आणि येऊन बाकावर बसते.

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर वायरलेस खरखरतोय. तपास करणारे साहेब बंदोबस्ताला गेलेत. केव्हा येतील? येतील. बाकावर आमच्याआधी तिघं बसलेत. एकाचा मोबाईल हरवलाय, दोघं बांधाच्या भांडणातले, एकमेकांशेजारीच. तास जातो. भिंतीवर नव्या कायद्यांचा तक्ता लावलाय, जुनं कलम डावीकडं, नवं उजवीकडं. 279 चं 281. 338 चं 125. रस्त्यात अडथळा करण्याचं 283 होतं, ते 285 झालं. आक्काच्या मुलाच्या गुन्ह्यात ट्रॅक्टरचालकावर यातली शेवटची दोन लागलीत.

नियम तसे बरे आहेत. 1 एप्रिल 2022 पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत दाव्याच्या न्यायाधिकरणाकडं पाठवायचा असतो. गाडीचा विमा, चालकाचा परवाना, पंचनामा, नकाशा, सगळं त्यात. म्हणजे आक्काला हे कागद हिंडून गोळा करावे लागूच नयेत. तात्या हसत नाहीत, पण टोपी काढून डोकं खाजवतात.

साहेब येतात. तरुण आहेत, घामेजलेले. आक्काला बघून खुर्ची द्यायला सांगतात. अर्जावर शिक्का पडतो, पोच मिळते, पंपावर उद्या माणूस पाठवतो म्हणतात. पंचनाम्याची नक्कल आक्काच्या हातात येते. दीड पान. तात्या ते उन्हात नेऊन वाचतात, ओठ हलवत, बोट ओळीखाली.

"...सदर ट्रॉली ही रस्त्याच्या पूर्वेकडील साईडपट्टीपासून 4 फूट आत डांबरी रस्त्यावर उभी असल्याचे दिसून येते..."

बोट तिथं थांबतं. मग पुढं सरकतं, पानाच्या तळापर्यंत जातं, उलटून मागं येतं. ट्रॉलीला मागं लाल परावर्तक होते की नव्हते, याबद्दल पंचनाम्यात एक अक्षर नाही. होते असंही नाही, नव्हते असंही नाही. पंच म्हणून सही कुणाची? हॉटेलवाल्याची आणि एका वाटसरूची. रात्री साडेअकराला, बॅटरीच्या उजेडात लिहिलेला कागद. ज्यानं लिहिला त्याला त्याच रात्री आणखी दोन ठिकाणी जायचं असेल.

"चार फूट आत आलंय," तात्या म्हणतात. "ह्ये बी थोडकं न्हाई."

आणि भाच्याकडं वळून, "तू त्या रात्री फोटो काढलावतास न्हवं ट्रॉलीचा?"

काढलाय. ट्रॉलीची मागची फळी, नुसती गंजकी फळी, कुठं लाल चकती नाही की पट्टी नाही. फोटो आता वीस-पंचवीस नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर आहे. मूळ मात्र ज्या फोनमध्ये काढला त्याचा स्क्रीन फुटलाय आणि तो फोन दुरुस्तीच्या दुकानात पडलाय. "तो रिसेट मारू देऊ नको," तात्या एवढ्या जोरात म्हणतात की बांधाच्या भांडणातले दोघंही वळून बघतात.

दुपारी साताऱ्याचं सरकारी रुग्णालय. त्या रात्री 108 च्या गाडीनं त्याला आधी इथं आणलं होतं. आता अपघात विभागापुढं कोणी पेशंट नाही, नुसत्या चपला आहेत. रेकॉर्डची खोली मागच्या अंगाला. लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेले गठ्ठे, जुन्या कागदाचा आणि फिनेलचा वास. बाई नंबर विचारतात. नंबर माहीत नाही. तारीख? तारीख आहे. त्या मोठं रजिस्टर उघडतात. पोलिसांत कळवण्याजोग्या दुखापतींच्या नोंदी यात. एका रात्रीत सात. विषप्राशन, भाजणे, मारहाण, आणि वाहन अपघात चार.

केसपेपर निघतो. इंग्रजीत घाईघाईनं लिहिलेलं. तात्यांना डॉक्टरांचं अक्षर लागतं. आयुष्य गेलंय त्यात. उजव्या मांडीचं हाड मोडलेलं. गुडघ्याला खोल जखम. डोक्याला मार नाही. शुद्ध अर्धवट. आणि वरती, दुखापत कशी झाली त्या रकान्यात एक ओळ: दुचाकी घसरून पडल्यानं.

ट्रॉली नाही. ट्रॅक्टर नाही. ऊस नाही.

"कुणी सांगितलं आसं?" आक्का विचारते.

कुणी सांगितलं हे कागदावर नाही. गाडीसोबत आलेल्या कुणी सांगितलं असेल. वाटेत थांबलेल्या कुणाकडून त्यानं ऐकलं असेल. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? समोरच्यानं सांगितलं, पडलाय गाडीवरून. एवढ्यात टाके घालायला बोलावणं आलं असेल. यात कुणाची लबाडी नाही. पण उद्या विमा कंपनीचा वकील हाच कागद वर धरणार, हे तात्यांना कळतं आणि ते पहिल्यांदाच खाली बसतात. दाव्यात पहिल्या तासाचं लिखाण सगळ्यात जड. त्या तासाला माणूस बोलायच्या अवस्थेत नसतो, हे त्या रकान्यात लिहायला जागा नसते. इथं मात्र शेजारच्या रकान्यात "शुद्ध अर्धवट" आहे. तात्या ते दोन शब्द वहीत उतरून घेतात, खाली दोनदा रेघ ओढतात.

सही-शिक्क्याच्या नकलेला अर्ज करायचा, फी भरायची, आठवड्यानं यायचं.

एसटी कराड सोडते, पेठ नाक्याला महामार्ग सोडून सांगलीकडं वळते. खिडकीतून आत येणारी हवा मळीच्या वासाची. आक्का फाईल छातीशी धरून बसली आहे. तात्या पुढच्या सीटवरून मागं वळून विचारत राहतात.

पगार किती? पगार नाही वो, हजेरी. हजेरीची वही? मुकादमाकडं. देईल का? देईल, पण त्याला भीती वाटती, आपल्यावर काय येईल म्हणून. मुकादम पैसे रोख द्यायचा का? कधी रोख, कधी फोनवर. फोनवर! तात्यांचा चेहरा खुलतो. बँकेचं स्टेटमेंट काढायचं, दर शनिवारी आलेल्या रकमांवर खुणा करायच्या. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे का? आहे, पेटी मिळालीया. म्हणजे वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला कुठंतरी लागलेला असणार. तोही काढायचा. दूध? दोन म्हशी हैत. डेअरीचं दहा दिवसांचं बिल येतं, पण आक्काच्या नावावर. धारा तोच काढायचा.

"ते कागदावर न्हाई," तात्या म्हणतात.

"मग आता कोण काढतंय धारा?" आक्का विचारते. "मीच की. गुडघं गेल्यात माझं."

तात्या वहीत लिहितात: शेजारच्यांचा जबाब.

मिरजेचा मुक्काम लवकर आवरतो. दवाखान्यांच्या या गावात कागदाला तोटा नाही. एका पेशंटमागं पिशवीभर निघतात. मेडिकलच्या दुकानाची बिलं मशीनवरची, चकचकीत पातळ कागदाची. ती उन्हात आणि प्लास्टिकमध्ये पांढरी पडत जातात. महिन्याभरात आकडे उडतात. म्हणून आधी सगळ्यांची झेरॉक्स, मग मूळ. ऑपरेशनच्या नोंदीत रॉड आणि स्क्रूच्या पाकिटांवरची छोटी स्टिकरं चिकटवलेली, कंपनी, माप, नंबर. तात्या त्यावर नख टेकवून म्हणतात, "ह्ये सोनं हाय." पोरगा कॉटवर पडल्यापडल्या बघतो. पाय लोखंडी पट्ट्यांच्या आधारावर. त्याला आजच्या दिवसाचं कुणी काही सांगत नाही, तोही विचारत नाही. रिक्षाच्या पावत्या घेत जा, एवढंच त्याच्या बायकोला बजावून तात्या उठतात.

पावसाळा येतो. दाव्याचा अर्ज सांगलीत दाखल होतो. अपघात साताऱ्याच्या हद्दीत, पण मोटार वाहन कायद्याच्या 166 व्या कलमानं जखमी राहतो त्या ठिकाणीही दावा लावता येतो. एरवी प्रत्येक तारखेला पाय ओढत साताऱ्याला जावं लागलं असतं. मुदत अपघातापासून सहा महिने. ही मुदत मध्यंतरी कायद्यात नव्हती; 1 एप्रिल 2022 ला परत आली, आणि तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वकील म्हणतात, वाद चालेल तिकडं, आपण सहा महिन्यांच्या आत टाकू. मला विचाराल तर ही मुदत ज्यानं लिहिली त्यानं मांडीचं हाड जुळायची वाट कधी पाहिलेली नसावी. सहाव्या महिन्यात हा पोरगा दोन कुबड्यांवर आहे. कायमचं अपंगत्व किती, हे उपचार संपल्याशिवाय कोणी सांगत नाही. म्हणून अर्ज आधी जातो, टक्के मागून.

टक्के मिळतात ते अपंग बोर्डात. सरकारी पाटीवर दिव्यांग लिहिलंय, रांगेत सगळे अपंगच म्हणतात. दिवाळी झाली तरी सांगलीचं ऊन कमी झालेलं नाही. सकाळी आठला रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत आलीय. जिन्यापर्यंत! पाय नसलेली माणसं पायऱ्यांवर बसलीत. कुणाच्या हातात एक्स-रेचा मोठा खाकी लिफाफा, कुणाच्या फाईलवर गणपती. अर्ज आधी ऑनलाईन भरलेला असायला लागतो. ज्यांचा नाही ते परत जिना उतरतात. एक आजोबा नातवाला पुढं करतात, पोराचा हात जन्मतः वाकडा. एका बाईच्या मांडीवर मूल झोपलंय, त्याच्या दोन्ही कानांमागं यंत्रं.

रांगेत बोलणं टक्क्यांचंच.

"किती दिलं?"

"अडतीस."

"अरारा. दोन टक्क्यांनी गेलं."

चाळीसला एसटीची सवलत लागते, योजना लागतात. चाळीसच्या आत सगळं गेलं. दाव्याला मात्र तसं नसतं, तिथं वीस-बावीसही चालतात. रांगेतल्या शेजाऱ्याला हे पटत नाही. चाळीसच्या आत काय मिळतंय, म्हणतो.

दुपारी दीडला नंबर लागतो. आत तीन टेबलं. हाडांचे डॉक्टर कापडी टेप काढतात. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत डावा पाय, मग उजवा. उजवा दोन सेंटिमीटरनं आखूड. मग कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी गुडघ्याला लावतात. वाकवा. आणखी. आणखी वाकत नाही. मांडी घालून बसा. बसता येत नाही. उकिडवं? तो प्रयत्न करतो, टेबलाला धरतो, थांबतो. डॉक्टर लिहितात. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. बाहेर रांग जिन्याखाली गेलेली.

तीस टक्के.

विजयनगरला न्यायालयासमोरच्या झेरॉक्सच्या टपरीपाशी वकील पाच मिनिटं देतात. स्टुलावर फाईल, तिच्यावर कॅल्क्युलेटर. आता हिशेब दिसतो. महिन्याचं उत्पन्न 15,000 धरलं तर वर्षाचं 1,80,000. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हातावर पोट असलेल्या माणसाला पुढच्या वाढीपोटी 40 टक्के अधिक, झाले 2,52,000. त्याला गुणक 16, कारण वय 31 ते 35 मध्ये. हा तक्ता 2009 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातला, वकील मंडळी त्याला नुसतं 'सरला वर्मा' म्हणतात. गुणाकार 40,32,000. त्याचे 30 टक्के: 12,09,600. दवाखान्याचा खर्च, वेदनांचे पैसे वेगळे.

"आन् पंधरा हजार न्हाई मानले तर?" तात्या मुद्दाम विचारतात, आक्काला कळावं म्हणून.

दहा हजार धरले तर 8,06,400. मुकादमाची वही आणि बँकेतल्या शनिवारच्या रकमा, त्यांची किंमत चार लाख.

आणि वय. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून. आधारवर त्याच सालची 1 जानेवारी. अपघात मार्चमधला. शाळेच्या हिशेबानं पस्तीस, आधारच्या हिशेबानं छत्तीस. छत्तीसला गुणक 15. फरक 75,600 रुपयांचा. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका अपघाताच्या दाव्यात शाळेचा दाखला ग्राह्य धरला, आधार हा वयाचा पुरावा नाही म्हटलं. त्यामुळे हेडमास्तरांच्या सहीचा दाखला फाईलमध्ये वरच्या बाजूला आलाय. आक्काच्या मते पोरगा नागपंचमीच्या आदल्या दिवशीचा. ती तारीख कुठल्याच कागदावर नाही.

तीस टक्क्यांचं दुखणं वेगळंच आहे. तीस टक्के पायाचे. कमाई किती गेली हा दुसरा प्रश्न. 2010 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं हा भेद नीट मांडलाय: डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी राहील, सुताराचं किंवा ड्रायव्हरचं सगळं जाईल. सेंटरिंगवाला शिडी चढतो, उकिडवा बसून सळ्या बांधतो. गुडघा वाकत नसेल तर त्याचं तीसच गेलं म्हणायचं का? वकील म्हणतात, मागू साठ. मिळतील की नाही ते डॉक्टरवर. नुसता दाखला जोडून चालत नाही, डॉक्टरनं कोर्टात येऊन सांगावं लागतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात पंखे उंचावर आहेत, वारा खाली येत नाही. बाकांवर माणसं, भिंतीला टेकून कुबड्या. शिपाई दारात येऊन पुकारा करतो. आत साक्ष सुरू आहे. पोरगा पिंजऱ्यात उभा. बसा म्हटलं तर नको म्हणतो, बसताना गुडघा दुखतो त्यापेक्षा उभं बरं. त्याच्या जबाबाला निशाणी पडलीय, पंचनाम्याला पडलीय, पंपावरच्या चित्रीकरणाला पडलीय. पंपाचा पोरगा मागच्या तारखेला येऊन सही ओळखून गेला. मालकांनी शेवटी पाठवलं.

विमा कंपनीचे वकील वयस्कर, आवाज मऊ. केसपेपर वर धरतात.

"गाडी घसरून पडलात असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?"

"मी काय सांगितलं न्हाई. मला शुद्ध न्हवती."

"डोक्याला तर मार नव्हता."

"न्हवता. पण मला कळत न्हवतं काय."

तात्या मागच्या बाकावर वही उघडतात. दोन रेघा ओढलेलं पान. आमचे वकील उठून साहेबांना शेजारचा रकाना दाखवतात. साहेब चष्मा वर करतात, वाचतात, काही बोलत नाहीत. टंकलेखक थांबलाय.

"हेल्मेट होतं?"

"न्हवतं."

"हेल्मेट पायात घालत न्हाईत," तात्या माझ्या कानाशी पुटपुटतात.

"ट्रॉली किती अंतरावरून दिसली?"

"दिसलीच न्हाई."

"म्हणजे तुमचं पुढं लक्ष नव्हतं."

तो गप्प होतो. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. दिसली म्हटलं तर ब्रेक का नाही मारला, नाही दिसली म्हटलं तर लक्ष नव्हतं. मग म्हणतो, "सायेब, तिथं दिसण्यासारखं काय न्हवतंच." साहेब हे वाक्य शुद्ध करून सांगतात आणि टंकलेखक ते उतरवतो: ट्रॉलीस कोणताही दिवा अगर परावर्तक नव्हता.

अजून एक बचाव आहेच. पॉलिसी ट्रॅक्टरची, ट्रॉलीची वेगळी नाही. आणि ती शेतीकामासाठी घेतलेली, भाड्यानं ऊस ओढायला नव्हे. वकील तो मुद्दा पुढच्या खेपेला ठेवतात.

बाहेर आल्यावर तेच मऊ आवाजाचे वकील आक्काला नमस्कार करतात. "मावशी, पुढच्या लोक अदालतीला ठेवायचं का? कंपनी पाच-साडेपाचपर्यंत येईल."

"टक्के?"

"लाख."

आक्का तात्यांकडं बघते. तात्या उत्तर देत नाहीत, फाईलचे बंद बांधतात. पुढची तारीख पडलीय, डॉक्टरांना समन्स काढायचंय, त्यांचा भत्ता आजच भरायचाय, खिडकी पाच मिनिटांत बंद होणार.

"डॉक्टर आल्यावर साडेपाचाचं किती हुतंय?" आक्का चालताचालता विचारते.

"ते मागनं बघू. एक्स-रेची फिल्म कुठाय? मूळची. पैली, रॉड टाकायच्या आधीची."

"घरात माळ्यावर हाय. सतरंजीत गुंडाळून ठेवलीया."

"गुंडाळायची न्हाई, चीर पडती. सपाट ठेव, दोन पुठ्ठ्यांच्या मधी. आन् तारखेला इसरू नको."